आहे की होता?

२०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या वाशिम जिल्ह्यात 'स्कोर' हा शब्द क्रिकेटसाठी कमी आणि फुप्फुसांसाठी जास्त वापरला गेला. आयपीएल तर ४ मे २०२१ ला अर्ध्यावरच थांबली, हा दुसरा स्कोर मात्र चालूच होता. किराणा दुकानासमोर चुन्याने आखलेल्या गोलात उभं राहून लोक एकमेकांना विचारायचे, "तुमच्या भाऊचा कितीक आला?" "अकरा." "मंग काई नाई. आमच्या साडूचा अठरा होता, तरी वापस आला घरी." हे शेवटचं वाक्य ऐकलं की विचारणारा आणि सांगणारा, दोघांनाही जरा बरं वाटायचं.

हा स्कोर कसा काढतात ते तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. फुप्फुसाचे पाच भाग, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन (डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते ना). एचआरसीटी म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन. त्यात प्रत्येक भागाचा किती हिस्सा आजाराने व्यापलाय हे पाहून शून्य ते पाच गुण द्यायचे, आणि मग बेरीज. पंचवीसपैकी. शाळेत गुण जास्त पडले की पेढे, इथे कमी पडले की पेढे.

आणि घोळ म्हणजे त्याच वेळी आणखी एक 'सीटी' हिंडत होती. ती आरटी-पीसीआरच्या रिपोर्टवरची. ही सीटी व्हॅल्यू म्हणजे नमुन्यातला विषाणूचा अंश यंत्राला दिसावा म्हणून तो किती वेळा दुप्पट करत न्यावा लागला, तो आकडा. म्हणजे ही जितकी जास्त तितका विषाणू कमी. स्कॅनचा आकडा लहान असलेला बरा, नाकातल्या काडीचा आकडा मोठा असलेला बरा, आणि दोघांचं नाव सीटी! एखाद्याची सीटी व्हॅल्यू चोवीस आली आणि भावकीने ती 'पंचवीसपैकी चोवीस' अशी ऐकली, म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. आमच्याकडे हे घडलंय. दोन बहिणी रडत रडत येऊन पोचल्या, तेव्हा पेशंट ओट्यावर बसून भाकरी खात होता.

असो. हे सगळं आता आठवायचं कारण वेगळं. गेल्या दिवाळीत मामांच्या गावी सगळे जमलो होतो. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "मामांना दोनदा कोरोना झाला होता ना?" कुणी काही बोललं नाही. मामांनी स्वतःही सुपारी कातरत मान डोलावली. मला ते लागून राहिलं. कारण माझ्या समजुतीप्रमाणे मामांना कोरोना एकदाच झाला. दुसऱ्यांदा आला तो फक्त रिपोर्ट. या दोहोंत किती फरक आहे, आणि त्या फरकाची किंमत कुणी मोजली, हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख. ब्लॉगवर नेहमी येणाऱ्या मित्रांना ही गोष्ट नवीन आहे. नातेवाईक मंडळींना माहीत आहे, पण अर्धीच.

तर मामांचं गाव रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या बाजूला. सोयाबीन आणि तुरीची शेती, चार म्हशी. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत २२९ विद्यार्थी एकदम पॉझिटिव्ह निघाले आणि रिसोडचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. मुलं बहुतेक अमरावती-यवतमाळकडची, पण भीती मात्र आमच्या तालुक्यात मुक्कामाला राहिली. तोपर्यंत गावाकडे 'ते शहरातलं आहे' असं चालायचं. त्यानंतर ते बंद झालं.

मामांना ताप आला २० एप्रिलला. दोन दिवसांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू २१. आठव्या दिवशी धाप लागायला लागली, ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, स्कॅन काढला. स्कोर ११. कोविड सेंटरमध्ये नऊ दिवस काढले, त्यातले सहा ऑक्सिजनवर. ६ मे ला घरी आले ते दारातल्या बाजेवर बसले आणि म्हणाले, "मले पयले म्हशी पाहू द्या."

घरी सोडताना त्यांची पुन्हा टेस्ट केली नव्हती. त्यात निष्काळजीपणा काही नव्हता, नियमच तसा होता. मार्च २०२० मध्ये, साथीच्या सुरुवातीला, रुग्णाला सोडायचं तर लक्षणं जायला हवीत, छातीचा फोटो सुधारलेला हवा आणि २४ तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने निगेटिव्ह हवेत, असं केंद्राचं धोरण होतं. ८ मे २०२० ला ते बदललं. सौम्य आणि मध्यम आजार असेल, दिवस भरले असतील, ताप नसेल आणि ऑक्सिजन लागत नसेल, तर सोडताना टेस्ट नको. का नको, ते पुढे येतंच.

मे महिना बरा गेला. पण सेंटरमध्ये खोकून खोकून मामांचा जुना हर्निया वर आला होता आणि तो दुखायला लागला. पेरणीच्या आधी ऑपरेशन उरकून घ्यावं, मग मुलगा आणि गडी पेरणी बघतील, असा बेत ठरला. अकोल्यातल्या एका दवाखान्यात तारीख मिळाली. भरती होण्याआधी आरटी-पीसीआर लागेल म्हणाले. ३ जूनला काडी घातली, ४ जूनला रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह.

मामांचा फोन आला तेव्हा ते घाबरलेले नव्हते, चिडलेले होते. "अरे बापू, कायचा पासिटिव? काल दिवसभर वखर हाकला मी! ना ताप, ना खोकला. दोन भाकरी खाल्ल्या." (हर्निया असताना वखर कशाला हाकला, हा प्रश्न मी गिळला.)

पण गावात बातमी त्यांच्या आधी पोचली. दुपारी डेअरीवाल्याचा निरोप आला की चौदा दिवस दूध आणू नका. खुरपणी-वेचणीला येणाऱ्या बायांनी सांगितलं की यंदा दुसरीकडे जातो. मामा आपणहून शेतातल्या कोठ्यात राहायला गेले (आमच्याकडे गोठ्याला कोठा म्हणतात). मामी बांधावर डबा ठेवायची आणि वीस पावलं मागे येऊन उभी राहायची. चार वर्षांचा नातू लांबूनच "आबा, आबा" करायचा. पहिल्या वेळी मामा आजारी तरी होते, त्यामुळे लांब राहण्याला काही अर्थ होता. आता धडधाकट माणूस बाजेवर बसून स्वतःच्याच घराकडे बघत होता.

त्यात मोबाईलवर फिरणारे निरोप. 'दुसऱ्यांदा झाला की माणूस वाचत नाही', हे तेव्हा इतक्या जणांनी इतक्या जणांना पाठवलं होतं की ते खरंच वाटायचं. दुसऱ्या दिवशी मामेभावाने मला जे सांगितलं, ते ऐकून मी खाली बसलो. मामांनी त्याला बांधावर बोलावून सगळा हिशेब दिला होता. सोसायटीचं पीककर्ज किती राहिलंय, तुरीचं बी कोणत्या कोठीत आहे, विम्याची पावती कुठे आहे, कोणाकडून किती येणं आहे. शांतपणे, एकेक करून. वर म्हणाले, "लिहून घे, मंग इचारायले मी नसलो तं?"

एका कागदावरच्या एका शब्दाने हे केलं होतं.

अकोल्याच्या दवाखान्याने ऑपरेशन पुढे ढकललं आणि पुन्हा एकदा छातीचा स्कॅन करायला सांगितलं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे दर बांधून दिले होते, मशीन किती स्लाइसचं आहे त्याप्रमाणे २०००, २५०० आणि ३००० रुपये, त्यामुळे पैशाचा प्रश्न तितकासा नव्हता. घरात वाद होता तो वेगळाच. नुकतंच, मे २०२१ च्या सुरुवातीला, दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सांगितलं होतं की एक सीटी स्कॅन म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे, उगाच वारंवार काढू नका. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच उत्तर दिलं की हे जुनं गणित आहे, आताच्या कमी डोसच्या स्कॅनमध्ये पाच-दहा एक्स-रेइतकाच किरणोत्सर्ग असतो. दोन मोठ्या माणसांची दोन मतं म्हटल्यावर आमच्या आईने तिसरं मत दिलं, "जे व्हायचं ते होईल, पण एकदा बघून घ्या बाप्पा. त्याचा जीव टांगणीला लागलाय."

स्कॅन झाला. स्कोर ६.

आता पहा गंमत. सहा म्हणजे चांगलं की वाईट? मामेभाऊ म्हणाला, सहा म्हणजे आजार आहेच की अजून. माझा धाकटा भाऊ म्हणाला, अकराचे सहा झाले म्हणजे कमी झालाय. एक दूरचे काका म्हणाले, आधीचा सगळा गेला असेल आणि हे सहा नवीन असतील. आणि कबूल करायला हवं, नुसत्या आकड्यावरून तिघांपैकी कुणालाच खोटं पाडता येत नव्हतं. स्कोर फक्त किती जागा व्यापली ते सांगतो. ती जागा आज व्यापली की महिन्यापूर्वी व्यापली होती आणि आता रिकामी होतेय, हे त्या आकड्यात नसतं. ओल्या भिंतीचा डाग आणि वाळलेल्या भिंतीचा डाग, दोन्हीला सारखेच गुण.

छातीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "एप्रिलचा फोटो आणला का?"

नव्हता आणला. मामीला फोन लावला. मला वाटलं होतं, तो फोटो केव्हाच कुठेतरी गेला असणार. आमच्याकडे जुने एक्स-रे खिडकीच्या फुटक्या काचेला लावतात, ग्रहण बघायला घेतात (बघू नये, पण बघतात). मामी म्हणाली, "हाय ना. सातबाऱ्याच्या पेटीत ठेवला. इतक्या पैशाचा फोटो फेकीन काय मी?" दुसऱ्या दिवशी मामेभाऊ मोटरसायकलवर मालेगाव-पातूर मार्गे अकोल्याला तो पिवळा लिफाफा घेऊन आला.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. मी पहिल्यांदाच असं बघत होतो. फुप्फुसात हवा असते म्हणून ते स्कॅनमध्ये काळं दिसतं. एप्रिलच्या फोटोत दोन्ही बाजूंना, कडेकडेने आणि पाठीकडच्या भागात, धुरकट पांढरे ढग होते. याला 'ग्राउंड ग्लास' म्हणतात. आपल्या न्हाणीघराच्या खिडकीला असते ना, ती दुधी काच. पलीकडचं दिसतं, पण पुसट. म्हणजे त्या जागी हवेच्या पिशव्यांमध्ये सूज आणि पाणी आलंय, पण जागा पूर्ण भरलेली नाही.

जूनच्या फोटोत त्याच जागी, अगदी त्याच जागी, ढग विरले होते. काही ठिकाणी फिकट सावली, आणि फुप्फुसाच्या कडेला समांतर अशा दोन-तीन बारीक पांढऱ्या रेघा. डॉक्टर म्हणाले, "नवीन ठिकाणी काही आहे का, ते मी शोधतोय. नाही. जुनं वाढलंय का? नाही, आक्रसलंय. या रेघा भरत आलेल्या जखमेच्या आहेत. हा आजार ताप आल्यापासून साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास फोटोत सगळ्यात जास्त दिसतो आणि दोन आठवड्यांनंतर ओसरायला लागतो. पण पूर्ण ओसरायला कुणाला महिना लागतो, कुणाला सहा महिने. काही रेघा राहूनही जातात."

मामा मास्कच्या आतून इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हंजे हा गाळ हाय साहेब. पूर नोय."

डॉक्टर हसले, पण मला वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात अचूक वाक्य तेच होतं. पैनगंगेकाठच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पुलाजवळ जाऊन एकदा पाणी बघितलं तर पूर चढतोय की उतरतोय ते कळत नाही. दगडाला खूण करून अर्ध्या तासाने पुन्हा बघावं लागतं. आणि पूर गेल्यावरही बाभळीच्या फांद्यांना काडीकचरा अडकलेला असतो, शेतात गाळ असतो. कुणी तो कचरा मोजून 'पूर पॉझिटिव्ह' असं लिहिलं, तर ते खोटं नाही. पण पोरांना घेऊन टेकडीवर पळायचं कारणही नाही.

आरटी-पीसीआर हा त्या काडीकचऱ्याचा शोध आहे. ती चाचणी विषाणूच्या आरएनएचा तुकडा शोधते आणि तो दुप्पट, चौपट, आठपट करत जाते. मामांची दुसरी व्हॅल्यू ३३ होती. तेहतीस वेळा दुप्पट म्हणजे साडेआठशे कोटी पटींहून जास्त! इतकं वाढवल्यावर मेलेल्या विषाणूचा तुकडाही सापडतो. २१ आणि ३३ मधला फरक बारा आवर्तनांचा, म्हणजे ढोबळ हिशेबाने चार हजार पटींचा. (ढोबळ अशासाठी की काडी किती आत गेली, किट कुठलं, यावरही आकडा बदलतो. म्हणूनच तर २०२१ मध्ये महाराष्ट्राने पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा २४ वर आणण्याबद्दल विचारलं तेव्हा आयसीएमआरने नाही म्हटलं. त्याने खरे रुग्ण सुटले असते. मर्यादा ३५ चीच राहिली.)

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. हा प्रश्न पहिल्यांदा आमच्या मामांना पडलेला नव्हता. साथ सुरू होऊन दोनच महिने झाले असताना, फेब्रुवारी २०२० च्या शेवटी, वुहानच्या झोंगनान रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार जणांची हकीकत छापली. चौघेही वैद्यकीय क्षेत्रातले, वय ३० ते ३६. बरे झाले, दोन निगेटिव्ह आल्या आणि नंतर ५ ते १३ दिवसांनी पुन्हा पॉझिटिव्ह. लगेच छातीचे स्कॅन केले. आधीच्या फोटोंपेक्षा काहीही बदल नाही. लक्षणं नाहीत. घरातल्या कुणाला लागण नाही. चारच माणसं, पण प्रश्न बरोबर मांडला होता: नाक एक सांगतंय आणि छाती दुसरं, तर मग ऐकायचं कोणाचं?

पुढे दक्षिण कोरियाने तेच मोठ्या प्रमाणावर तपासलं. मे २०२० मध्ये त्यांनी पुन्हा पॉझिटिव्ह आलेल्या २८५ जणांचा अहवाल दिला. त्यांच्या संपर्कातली ७९० माणसं शोधली. या लोकांमुळेच लागण झाली असं ठामपणे म्हणता येईल असा एकही रुग्ण सापडला नाही. १०८ जणांच्या नमुन्यांतून प्रयोगशाळेत जिवंत विषाणू वाढवून पाहिला, एकातही वाढला नाही. पहिल्या लक्षणापासून पुन्हा पॉझिटिव्ह येईपर्यंत सरासरी ४४.९ दिवस गेले होते. मी बोटांवर मोजलं. मामांची काडी घातली तो चव्वेचाळिसावा दिवस होता. इतकं सरासरी उदाहरण आमच्या घरात सापडेल असं वाटलं नव्हतं :-)

आणि आपल्याकडे? ४ मे २०२१ ला, म्हणजे मामा कोविड सेंटरमध्ये असतानाच, आयसीएमआरने लेखी सूचना काढली होती की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये. अकोल्याला काडी घातली ती त्यानंतर एका महिन्याने. दवाखान्यांचाही नाइलाज असेल, ऑपरेशन थिएटरमधल्या माणसांची काळजी त्यांना घ्यावी लागते. पण टेस्ट करून घेणाऱ्याने उत्तराचा अर्थ काय लावायचा हे आधी ठरवलेलं नसेल, तर त्या उत्तराचं ओझं शेवटी कोठ्यात झोपणारा माणूस वाहतो.

मात्र हे लिहिताना दुसरी बाजू लपवून चालणार नाही, नाहीतर कुणीतरी हा लेख वाचून खरा आजार अंगावर काढेल. पुन्हा लागण होते. ऑगस्ट २०२० मध्ये हाँगकाँगच्या ३३ वर्षांच्या एका माणसात ते जनुकीय तपासणीने सिद्ध झालं. पहिल्या वेळेनंतर १४२ दिवसांनी सापडलेला विषाणू वेगळा होता. त्याच वर्षी मुंबईतल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांनाही दुसऱ्यांदा लागण झाल्याचं जनुकीय तपासणीतून दिसलं, आणि त्यांना तर दुसऱ्या वेळी जास्त त्रास झाला. आयसीएमआरने पुन्हा लागण कशाला म्हणायचं याची व्याख्या केली: दोन पॉझिटिव्हमध्ये किमान १०२ दिवसांचं अंतर आणि मधे एक निगेटिव्ह. पुढे जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉन लाटेत तर दुसऱ्यांदा होणं ही काही बातमीच राहिली नाही.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे. चीनमधली ७८ वर्षांची एक बाई, नाकाच्या तीन टेस्ट ओळीने निगेटिव्ह, स्कॅनमध्ये सुधारणा, घरी सोडायची तयारी. आणि अचानक हृदय बंद पडून गेली. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या पेशींत विषाणू सापडला. हे एप्रिल २०२० मध्ये छापून आलं. म्हणजे नाक रिकामं आणि छातीत ऐवज, असंही होतं. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे कितीतरी लोकांचा आरटी-पीसीआर निगेटिव्ह आणि स्कॅन भरलेला होता, ते आठवत असेलच. नाकाचं घड्याळ वेगळं, छातीचं वेगळं.

म्हणून डॉक्टर मामांकडे बघत होते तेव्हा ते दोन नव्हे, तीन साक्षीदारांना विचारत होते. काडी म्हणाली पॉझिटिव्ह. फोटो म्हणाला, जुनं आहे आणि ओसरतंय. आणि तिसरा साक्षीदार खुद्द मामा: ताप नाही, ऑक्सिजन ९७, सहा मिनिटं चालवून आणल्यावरही ९६. याच माणसाला ताप असता, धाप असती, फोटोत नव्या जागी ढग असते, तर तीच सीटी व्हॅल्यू घेऊन डॉक्टर वेगळं बोलले असते. कदाचित कोरोना सोडून दुसराच काही संसर्ग किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी शोधायला लागले असते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे माझं डोकं शेवटी व्याकरणात जातं. 'पॉझिटिव्ह' या शब्दाला क्रियापद नाही. आणि क्रियापद नाही म्हणून काळ नाही. मामांना कोरोना 'आहे' की 'होता', हे त्या रिपोर्टवर लिहिलेलंच नव्हतं. ते क्रियापद आम्ही लावलं, गावाने लावलं, डेअरीवाल्याने लावलं, आणि सगळ्यांनी वर्तमानकाळी लावलं. एकाच फोटोलाही काळ नसतो. दोन फोटो शेजारी ठेवले तेव्हा कुठे भूतकाळ दिसला.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की हे जुन्या आजाराचे अवशेष आहेत, यांच्यापासून कुणाला धोका नाही, वेगळं ठेवायची गरज नाही. मामेभावाने ती प्लास्टिकमध्ये घालून आणली आणि डेअरीवर दाखवली. त्याने नीट वाचली, आणि म्हणाला, "हे बरोबर हाय भाऊ. पण रिपोटवर तं पासिटिव लिवलं हाय ना." शिक्क्याचा कागद शिक्क्याच्या कागदापुढे हरला. मामी त्याच संध्याकाळी डबा घेऊन थेट कोठ्यात गेली आणि मामांना घरी घेऊन आली, पण डेअरीचे चौदा दिवस पूर्ण झालेच. चार म्हशींचं दूध घरात. दही, ताक, तूप करून शेजारी वाटावं तर शेजारी घेईनात. मामीने ते तूप नंतर वर्षभर पुरवलं.

पेरणी आठ-दहा दिवस मागे पडली. ट्रॅक्टरवाला येईना, तेव्हा भावकीतलाच एक पोरगा, ज्याच्याशी धुऱ्यावरून मामांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, आपलं तिफण घेऊन आला आणि तीन दिवसांत पेरून गेला. तोंडाने अजूनही फारसं बोलत नाहीत, पण धुऱ्याचा विषय तेव्हापासून कुणी काढलेला नाही. ऑपरेशन जुलैत झालं. बरं झालं. मामांनी लिहवून घेतलेला तो हिशेबाचा कागद मामेभावाने अजून जपून ठेवलाय. तो फाडावा असं त्याला वाटत नाही.

या सगळ्याला आता काही वर्षं झाली. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. स्कोर हा शब्द पुन्हा क्रिकेटकडे गेला. पण लाखो लोकांच्या छातीत त्या वर्षाच्या बारीक रेघा असतील, आणि त्या आता दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोंत दिसत असतील. मामांचंच बघा. मागच्या वर्षी खोकला बरेच दिवस राहिला म्हणून एक्स-रे काढला. खालच्या बाजूला रेघ दिसली. नवीन डॉक्टर, त्यांना टीबीची शंका आली, आणि येणं बरोबरच होतं. थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. आणि पेटीतला तो पिवळा लिफाफा पुन्हा बाहेर निघाला. रेघ २०२१ च्या जूनमध्ये होती तिथेच आणि तेवढीच. औषधाचा सहा महिन्यांचा कोर्स टळला, आणि गावात नवीन शब्द पसरला नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, तुमच्यापैकी ज्यांचे ज्यांचे स्कॅन त्या दोन वर्षांत झालेत, त्यांना एक विनंती. ते फोटो रद्दीत देऊ नका. सीडी असेल तर ती आता बहुतेक कॉम्प्युटरवर चालणार नाही, म्हणून कुणा पोराकडून त्यातलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. आणि लिफाफ्यावर बाहेरून मोठ्या अक्षरात तारीख आणि नाव लिहा, कारण आतली बारीक अक्षरं ऐनवेळी कुणाला वाचता येत नाहीत. मामीने लिहिली आहे, बॉलपेनने, दोन्ही लिफाफ्यांवर. एकावर 'आजारी असतानचा' आणि दुसऱ्यावर 'बरा झाल्यावरचा'.